मेर्याने आणलेला माणूस

मेर्या फोनवर एवढंच म्हणाली होती, "आई, यंदा किम्मोपण येईल आमच्याबरोबर. चालेल ना?" आणि हिल्का बोलून गेली होती, "न चालायला काय झालं?" फोन ठेवल्यावर मात्र ती कितीतरी वेळ स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिली. शेगडीवरची कॉफी उकळून उकळून कडू झाली, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

मेर्या तिची सून. आर्तो हिल्काचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुरुवातीला तो घरापुढच्या तळ्यावर जाळं लावायला गेला, तो परत आला नाही. तळं नुकतंच गोठलं होतं. जंगलातून येणारा ओढा जिथे तळ्याला मिळतो, तिथला बर्फ त्याच्याखाली खचला. तेव्हा त्यांची मुलगी एल्ली तीन वर्षांची होती. पुढे वर्षभर मेर्याने कसाबसा तग धरला आणि मग लेकीला घेऊन ती ओउलू शहरात गेली. तिथे तिला इस्पितळात परिचारिकेची नोकरी मिळाली. पण नाताळ तिने कधी चुकवला नाही. गावातल्या बायका हिल्काला म्हणायच्या, "नशीबवान आहेस हो. मुलगा गेला, पण सून धरून राहिली." हिल्कालाही तसंच वाटायचं. आपण कशाला धरून आहोत आणि ते किती दिवस टिकेल, याचा विचार ती करत नसे.

नवऱ्याला, तौनोला, सांगायचं काम उरलं होतं. तो कुऱ्हाडीला धार लावत बसलेला असताना हिल्काने ते उरकून टाकलं. मेर्याला कुणीतरी भेटलाय, चांगला माणूस आहे म्हणतात, लिफ्ट दुरुस्तीची कामं करतो, नाताळला इकडे येणार आहे. तौनोने धारेवरून अंगठा फिरवला. "खोल्या पुष्कळ आहेत," तो म्हणाला आणि उठून गोठ्याकडे गेला. गोठ्यात गाई नव्हत्या त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. पण मनाला लागलं की तौनो तिकडेच जायचा.

नाताळच्या तीन दिवस आधी अंधार पडता पडता गाडी अंगणात आली. किम्मो चाळिशी उलटलेला, उंच, डोक्यावरचे केस विरळ झालेला माणूस होता. हातमोजे शहरातले, पातळ. त्याने दोघांशी हात मिळवला, सामान आत आणलं, बूट काढून दाराशी नीट लावून ठेवले, आणि जेवायला बोलावलं तेव्हा कुठे बसायचं ते कुणीतरी सांगेपर्यंत भिंतीपाशी उभा राहिला. या दोघा म्हाताऱ्यांना काय म्हणून हाक मारावी ते त्याला उमजेना, म्हणून तो हाक मारायचंच टाळत होता. मीठ हवं असलं तर मेर्याकडे मागे आणि मेर्या तौनोकडे. हिल्काने त्याचं अंथरूण माडीवर घातलं होतं आणि मायलेकींचं आर्तोच्या खोलीत. मेर्याने ते पाहिलं आणि आपली बॅग उचलून आर्तोच्या खोलीत नेली.

दुसरा दिवस घर झाडण्यात, नाताळच्या झाडाला दिवे बांधण्यात आणि सलगम-गाजरं किसून भट्टीत लावण्यात गेला. कामाच्या गडबडीत कुणाला कुणाशी फार बोलावं लागत नाही, हे एक बरं असतं. किम्मोने सरपण फोडून ओसरीत रचून ठेवलं. तौनोने ते येताजाता पाहिलं. दोन ओंडके उचलून त्याने पुन्हा आपल्या पद्धतीने ठेवले.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी हिल्का दुधातला तांदूळ ढवळत होती. त्यात एक बदाम टाकायचा असतो. ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं जातं. मेर्या टेबलावर चादर घालत होती. तौनो खिडकीशी कॉफी पीत बसला होता. बाहेर आत्ता कुठे उजाडलं होतं, म्हणजे निळसर दिसायला लागलं होतं एवढंच. किम्मो एल्लीला घसरगाडीवर बसवून अंगणात ओढत होता आणि ती खिदळल्याचा आवाज काचेतून आत येत होता.

एकाएकी तौनोचा कप जोरात आदळला. हिल्काने वळून पाहिलं तेव्हा तो दाराबाहेर पडलासुद्धा होता. अंगात कोट नाही, पायांत घरातल्या चपला. ती खिडकीशी धावली. घसरगाडीच्या खुणा अंगण ओलांडून सरळ उतारावरून तळ्यावर गेल्या होत्या, आणि किम्मो दोरी खांद्यावर घेऊन बर्फावरून ओढ्याच्या दिशेने चालला होता.

"एल्ली! जागची हलू नकोस!"

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हिल्काने नवऱ्याचा असा आवाज ऐकला नव्हता. म्हातारा गुडघाभर बर्फातून धडपडत गेला, पोरीला गाडीवरून उचललं आणि छातीशी धरून काठावर आला, तेव्हाच वळला. हिल्का आणि मेर्या तोवर ओसरीत आल्या होत्या. किम्मो मागोमाग येत होता, घाबरून.

"या तळ्याने आमचा एक नेलाय," तौनो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तुला आणखी एक द्यायचाय का?"

"कुणाच्या तरी स्कीच्या खुणा होत्या बर्फावर," किम्मो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, लोक जातात त्याअर्थी..."

"तुला वाटलं! तुला काय माहीत आहे इथलं? कुणी सांगितलं तुला आमच्या पोरीला घेऊन जायला?"

किम्मोने मान खाली घातली.  एल्ली आधी आजोबांकडे बघत राहिली आणि मग भोकाड पसरून रडायला लागली. मेर्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक, एक हात पोटाशी. 

दुपारी जेवायला सगळे बसले. टीव्हीवर तुर्कू शहरातून दरवर्षीप्रमाणे नाताळच्या शांततेची घोषणा झाली. चौकात जमलेले लोक भजन म्हणायला लागले तसा तौनो नेहमीसारखा उठून उभा राहिला. मग सगळेच उभे राहिले. सगळे परत बसून दुधातला तांदूळ खायला लागले. बदाम किम्मोला आला. हिल्काने ते पाहिलं, कारण तो घास चावता चावता थांबला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि एल्ली वरून घालायला दालचिनी घेण्यासाठी वळली तेव्हा तो बदाम हळूच तिच्या ताटलीत सरकवून दिला. थोड्या वेळाने पोरगी आनंदाने ओरडली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसत होती. हिल्काने सगळ्यांना आणखी दूध वाढलं.

उजेड मावळायच्या सुमाराला ते चर्चमागच्या कबरस्तानात गेले. सगळं गाव त्या वेळी तिथेच असतं. बर्फात कबरी दिसत नाहीत, नुसत्या मेणबत्त्या दिसतात. झाडांच्या मधून दूरपर्यंत. लोक हळू आवाजात एकमेकांना मान लववतात आणि पुढे जातात. किम्मो फाटकापाशीच थांबला. "तुम्ही जाऊन या," तो मेर्याला म्हणाला. "मी इथे आहे."

आर्तोच्या दगडावरचा बर्फ तौनोने हाताने साफ केला. एल्लीने मेणबत्ती लावली; दोनदा विझली, तिसऱ्यांदा पेटली. मेर्या गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. हिल्काला दरवर्षी इथे रडू यायचं. यंदा आलं नाही. 

परतताना ती जरा पुढे निघून आली. फाटकाच्या आत एक मोठा दगड आहे. ज्यांच्या कबरी दूर कुठेतरी आहेत, त्यांच्या नावाने लोक तिथे मेणबत्त्या लावतात. किम्मो तिथे टोपी काढून उभा होता. त्याच्या पुढ्यात एक मेणबत्ती जळत होती. हिल्का जवळ आलेली पाहून तो दचकला, चोरी पकडली गेल्यासारखा.

"कुणासाठी?" हिल्काने विचारलं.

"आईसाठी. ती ताम्पेरेला आहे. दरवर्षी मी जातो." त्याने ज्योतीकडे पाहिलं. "यंदा तिच्याकडे कुणी जाणार नाही. मी एकटाच आहे."

हिल्काने मान डोलावली.  गाडीत बसताना तिच्या मनात आलं, की हा माणूस स्वतःच्या मेलेल्या आईला एकटं टाकून आपल्याकडे आलाय, आपल्या मेलेल्या मुलाच्या घरी. आणि इथे त्याला बसायला खुर्चीसुद्धा सांगावी लागते.

घरी येईपर्यंत अंगणातली सौना, म्हणजे वाफेने न्हायची खोली, तापली होती. दरवर्षी आधी पुरुष जायचे, मग बायका. तौनो म्हणाला, "आधी तुम्ही जा. मग तो जाईल. मी शेवटी."  त्या भागात दोन पुरुष एका घरात असून सौनेत वेगवेगळे जाणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

सौनेत एल्ली पाच-दहा मिनिटं बसली, खालच्या फळीवर पाणी उडवत खेळली आणि गरम होतंय म्हणून कुरकुरायला लागली. मेर्याने तिला पुसून, गुंडाळून घराकडे पिटाळलं. मग दोघी वरच्या फळीवर बसल्या. कोपऱ्यात एक कंदील होता, त्याचा पिवळा उजेड. हिल्काने दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ चर्रर्र करत उठली आणि पाठीवरून उतरली. सौनेत मोठ्याने बोलत नाहीत, भांडत नाहीत, असं हिल्काची सासू सांगायची. तौनोचा जन्म याच सौनेतला. त्याच्या आजीला शेवटची आंघोळ याच फळीवर घातली होती. आर्तोलाही आपणच इथे न्हाऊ घालावं असं हिल्काच्या मनात होतं, पण ते दिवस राहिले नव्हते. तो आला तो पेटीतच.

मेर्या पळी घ्यायला वाकली आणि कंदिलाचा उजेड तिच्या अंगावर पडला. हिल्काने एक मूल जन्माला घातलं होतं आणि दोन पोटात गमावली होती. तिला सांगावं लागलं नाही.

"कितवा?" तिने विचारलं.

मेर्या तशीच थांबली. मग सावकाश मागे टेकून बसली. "चौथा संपत आला."

"हं."

"आज सांगणारच होते, आई. म्हणूनच त्याला घेऊन आले. फोनवर सांगायचं नव्हतं. पण सकाळी ते सगळं झालं आणि..." तिने पळी खाली ठेवली. "तुम्हाला त्रास होणार असेल तर पुढच्या वर्षीपासून मी येणार नाही. एल्लीला पाठवत जाईन. तिच्यावर तुमचा हक्क आहे."

 हिल्काच्या मनात आधी जे आलं ते चांगलं नव्हतं. आर्तोच्या दगडावरची अक्षरं अजून नवी दिसतात, आणि ही... असं काहीतरी आलं. मग तिला फाटकापाशी टोपी काढून उभा असलेला माणूस दिसला. मग पुन्हा आर्तो. लहानपणचा, याच खालच्या फळीवर पाणी उडवणारा. ती एकदम रडायला लागली. घाम आणि पाणी एकच झालं.

"मला राग येतोय, मेर्या," ती म्हणाली. "तुझ्यापासून लपवत नाही."

"येऊ दे."

"तुझा नाही. त्याचाही नाही. कुणाचा ते मलाच कळेना."

मेर्याने तिचा हात धरला.  निखारे खाली बसल्याचा आवाज झाला. कितीतरी वेळाने हिल्काने तोंड पुसलं.

"एल्लीला एकटीला पाठवायचं काही काढू नकोस," ती म्हणाली. "दोन भावंडांना सणाला दोन वेगळी घरं कशाला? एक इथे येणार आणि दुसरं दाराबाहेर राहणार का? पोर झालं की इकडे घेऊन ये. मला बघायचंय."

"आणि बाबा?"

"त्याचं मी बघते."

तौनो स्वयंपाकघरात दिवा न लावता बसला होता. पलीकडे बैठकीत एल्ली झाडाखालच्या भेटींच्या पुड्या हलवून बघत होती. ओसरीतून किम्मो टॉवेल घेऊन सौनेकडे जाताना दिसला. हिल्का ओल्या केसांनिशी नवऱ्यासमोर बसली. आडवळणाने सांगायची तिला सवय नव्हती.

"मेर्याला दिवस गेलेत."

 अंधारात तौनोचा चेहरा दिसत नव्हता.

"सकाळी मी ओरडलो, तेव्हा ती दारात होती?"

"होती."

"थंडीत?"

"थंडीत. पोटाशी हात धरून."

त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. हिल्काने कबरस्तानातली ती मेणबत्ती त्याला सांगितली. बदामाचंही सांगितलं.  ती उठून भट्टी बघायला गेली आणि परत वळली तेव्हा तो उभा राहिला होता.

"गेला का तो आत?"

"आत्ताच गेला."

"एकटा बसलाय," तौनो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. "पाठ कोण घासणार त्याची?"

त्याने खुंटीवरचा टॉवेल काढला आणि तो बाहेर पडला. हिल्का खिडकीतून बघत राहिली. सौनेचं दार उघडलं, उजेडाची पट्टी बर्फावर पडली, दार लागलं. आत ते काय बोलले, किंवा बोलले की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. पण बऱ्याच वेळाने ते दोघं सौनेच्या ओसरीवर येऊन बसलेले तिला दिसले. कमरेला टॉवेल, उघड्या अंगांतून वाफा निघतायत. तौनोचा हात तळ्याच्या दिशेने उठलेला होता आणि किम्मो त्या हाताच्या रोखाने अंधारात बघत होता.

जेवायच्या वेळी किम्मो भिंतीपाशी उभा राहिला नाही. तौनोने पायाने खुर्ची पुढे सरकवली, "बस," म्हणाला, आणि हॅमचा पहिला काप त्याच्या ताटात घातला. मेर्याने सासऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे न बघताच सलगमाचं भांडं तिच्यापुढे ढकललं. "तू दोघांचं खा," तो म्हणाला. एल्लीला काही कळलं नाही. तिचं सगळं लक्ष पुड्यांवर होतं.

नाताळच्या दिवशी त्या गावात कुणी कुणाकडे जात नाही. सकाळी उजाडल्यावर तौनोने गोठ्यातून पहार काढली, बर्फाला भोकं पाडायचं मोठं गिरमिट काढलं, आणि फरच्या झाडाच्या डहाळ्या तोडून घेतल्या. किम्मोला त्याने आपले जाड हातमोजे दिले. दोघं उतारावरून खाली गेले. तौनोने चार वर्षांत या तळ्यावर पाऊल टाकलं नव्हतं, काल पोरीसाठी धावला ते सोडून. काठाशी तो थबकला. मग पहार पुढे आपटून बघत बर्फावर गेला.

हिल्काने कोट चढवला. का, ते तिला सांगता आलं नसतं. ती काठापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. तीही तेव्हापासून इथे आली नव्हती.

"पहारीचा आवाज ऐक," तौनो सांगत होता. "हा असा ठक्क आला तर ठीक. भद्द आला तर मागे फिर. काळा बर्फ चांगला. पांढरा दिसतो जाड, पण त्याच्यात दम नसतो. दुसऱ्याच्या खुणा बघून कधी जायचं नाही. तो गेला तेव्हाचा बर्फ वेगळा, तू जाशील तेव्हाचा वेगळा."

किम्मोने गिरमिट फिरवलं. पाणी वर आलं. तौनोने वाकून हात घातला आणि जाडी मोजून दाखवली, मग किम्मोलाही हात घालायला लावला. असं करत करत ते ओढ्याच्या बाजूला सरकले. एका ठिकाणी तौनो थांबला आणि त्याने किम्मोच्या छातीला हात लावून त्यालाही थांबवलं.

"इथून पुढे नाही," तो म्हणाला. "कडाक्याच्या थंडीतसुद्धा नाही. खालून पाणी वाहतं. वरून काहीच दिसत नाही." मग थोडं थांबून, "तो तिथे होता."

किम्मोने टोपी काढली.  मग त्यांनी डहाळ्या बर्फात रोवल्या, एकीपुढे एक, ओढ्याचं तोंड वळसा घालून. हिल्का काठावरून बघत होती. हिरव्या डहाळ्यांची ओळ लांबूनही स्पष्ट दिसत होती. लहान पोरालाही दिसेल अशी.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते निघाले. हिल्काने डबे बांधून दिले, मेर्याच्या पोटाला ऊब राहील असा लोकरीचा पट्टा किम्मोच्या हाती दिला आणि तो तिने रोज बांधावा हे बघायला त्याला सांगितलं. "बघतो, हिल्का," तो म्हणाला. त्याने हाक मारली असं ती पहिल्यांदाच ऐकत होती. नुसतं नाव, पण बरं वाटलं. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली आणि घर नेहमीसारखं मोठं झालं.

दोघं कॉफी घेऊन खिडकीशी बसले. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला होता.

"आर्तोलाही मीच शिकवलं होतं हे सगळं," तौनो म्हणाला.

हिल्काने त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षांत त्याच्या तोंडून ते नाव आलं नव्हतं. तो नेहमी 'तो' म्हणायचा, किंवा काहीच म्हणत नसे.

"पहार आपटायची कशी, आवाज कसा ओळखायचा. सगळं शिकवलं होतं. तरी गेला."

"हो," ती म्हणाली.

"तरी शिकवायला तर हवंच."

"हवंच की."

त्याने कप हातात फिरवला. मग तो बोलायला लागला. आर्तो नऊ वर्षांचा असताना त्याने पहिला मासा धरला, तो हातातून निसटला, आणि घरी येऊन त्याने आईला सांगितलं की मीच सोडून दिला, बिचारा रडत होता. हिल्काला ती गोष्ट पाठ होती. तिने मध्ये एक शब्द घातला नाही. त्याचा कप रिकामा झाला तेव्हा भरला, आणि तो पुढे काय सांगतो ते ऐकत राहिली.